महिरपीतला मोर



मागच्या वेळी चातुर्मासातल्या डाळींच्या भाज्यांवर लिहिलं होतं. त्यानंतर बरेच दिवस काही लिहिलं नाही, आणि त्याचं कारण माझ्या बोटांना लावलेल्या पट्ट्या. बस्तीत परवा दोघी-तिघींनी विचारलंच, "काय हो, विळीवर बसायची सवय मोडली की काय?" विळी नव्हे, काच. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी मी काच कापायला शिकले. हौस म्हणून शिकले असं सांगितलं असतं तर बरं दिसलं असतं, पण ते खरं नाही.

माझं माहेर वारणाकाठचं. गावातली बस्ती जुनी, दगडी, आणि गाभाऱ्याच्या दारावर आरशाच्या तुकड्यांची महिरप होती. आजोबांच्या काळात कुणी एक कारागीर गावात येऊन पावसाळाभर राहिला आणि त्यानं ती केली, असं घरात सांगत. महिरपीत दोन्ही बाजूंना एकेक मोर, मध्ये कलश आणि बाकी सगळीकडे नखाएवढे चकचकीत तुकडे. सभामंडपाच्या चार खांबांवरही तसंच काम होतं. आत नंदादीप एकच, पण दारात उभं राहिलं की शंभर दिवे लागल्यासारखे वाटायचे. लहानपणी पर्युषणात मी पूजेकडं कमी आणि त्या तुकड्यांकडं जास्त बघत बसायची. प्रत्येक तुकड्यात एक वेगळी मी.

२०१९ च्या ऑगस्टमधला महापूर तुम्ही कुणी विसरला नसाल. बस्तीत छातीएवढं पाणी दोन-तीन दिवस उभं होतं. पाणी ओसरल्यावर खांबांवरचं काचकाम बघवत नव्हतं. काच शाबूत, पण आतून काळी पडलेली. पुढं जीर्णोद्धाराची चर्चा निघाली. गावातल्या मंडळींनी मला फोन केला. "ताई, तुम्ही बी.कॉम. झालेल्या, हिशेबाला पक्क्या. काच दुरुस्त करायची की काढून संगमरवर लावायचा, एवढा खर्चाचा तक्ता करून द्या."

मी दिला करून. दोन रकाने, प्रति चौरस फूट दर, मजुरी, देखभाल. काचकाम करणारा माणूस राजस्थानातून आणायचा, त्याचा दर संगमरवराच्या दुपटीहून जास्त. पुन्हा पूर आला तर पुन्हा खर्च. तळाशी मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "काचकाम काढून टाकणे सोयीचे." महिरप जमिनीपासून सहा-सात फुटांवर होती, तिला पाणी लागलंच नव्हतं, हे मला माहीत होतं. पण खांब संगमरवरी आणि मध्येच महिरप काचेची, हे विसंगत दिसेल असं सगळे म्हणाले, आणि मलाही ते पटलं. तक्त्यात महिरपीसाठी मी वेगळी ओळच केली नव्हती.

काम झालं. पांढराशुभ्र संगमरवर, छान गुळगुळीत. दर्शनाला अक्काला घेऊन गेले. आईला आम्ही सगळी भावंडं अक्का म्हणतो. वय अठ्ठ्याऐंशी. डोळ्यांत काचबिंदू, बाजूचं काही दिसत नाही, नळीतून बघावं तसं समोरचं तेवढं दिसतं. मंडपात आल्यावर ती थांबली. मान इकडं केली, तिकडं केली. मग मला म्हणाली, "दार कुठं हाय गं?"

पंच्याहत्तर वर्षं ती त्या बस्तीत जात होती. डोळे अधू झाल्यावर ती त्या चकचकाटाच्या रोखानं चालायची, आणि हे आम्हाला कुणाला ठाऊकच नव्हतं. आता समोर सगळं एकसारखं पांढरं. मी तिचा हात धरून नेलं. तो तक्ता मी केला होता हे तिला तेव्हा सांगितलं नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी आम्ही उभयतां बावनगजाच्या यात्रेला गेलो. येताना इंदूरला मुक्काम होता, म्हणून इतवारिया बाजारातलं काच मंदिर बघायला गेलो. तुमच्यापैकी कितीतरी जणींनी बघितलं असेल. कापडगिरण्यांचे मालक सर सेठ हुकुमचंद यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते बांधायला घेतलं. बाहेरून बघाल तर पांढऱ्या दगडाची हवेली वाटते, पुढं सज्जा, वर शिखर. आत गेलं की भिंती काचेच्या, छत काचेचं, खांब काचेचे, पायाखाली काच, इतकंच काय, दारांच्या मुठीसुद्धा काचेच्या! कारागीर जयपूरहून आणि इराणहून आणले होते असं तिथं सांगतात. भिंतींवर आपल्या कथांची चित्रं आहेत, आणि कुठल्या पापाला नरकात कुठली शिक्षा तेही काचेतच. (ह्यांनी ती बारकाईनं वाचली. मला म्हणाले, "तुझी भाजीवाल्याशी घासाघीस यात दिसत नाही, सुटलीस.") गाभाऱ्यात मध्ये शांतिनाथ, बाजूंना आदिनाथ आणि चंद्रप्रभू. दोन्हीकडं समोरासमोर आरसे आहेत, त्यामुळं मूर्तींची रांगच्या रांग दूरवर जाताना दिसते. एकवीस मूर्ती दिसतात म्हणतात. मी मोजायला गेले आणि बाराव्याला डोळे भरून आले. भक्तीनं म्हणावं, तर तसं नव्हतं. मला आमचं दार दिसत होतं.

तिथून आल्यावर दादाला फोन केला. काढलेली काच कुठं टाकली? तो म्हणाला, टाकली कुठं, काच उकिरड्यावर टाकली तर गुरांच्या पायात, नाहीतर पोटात जायची, म्हणून दोन पोती भरून परड्यातल्या खोलीत ठेवली आहेत. दादाच्या या एका शहाणपणानं पुढचं सगळं झालं.

पोती सांगलीला आणली आणि आमच्या गल्लीच्या टोकाला फ्रेम-आरशांचं दुकान असलेल्या चाचांकडं गेले. त्यांनी मूठभर तुकडे पेपरवर ओतले, एक उचलून उजेडाकडं धरला, आणि म्हणाले, "बाई, ही आताची काच नाही. ही फुगवलेली आहे."

मला कळेना. मग त्यांनी समजावलं. आताचा आरसा सपाट तावातून कापतात. पूर्वी नक्षीकामाच्या काचा अशा करत, की वितळलेली काच नळीच्या टोकाला घेऊन फुग्यासारखी फुंकायची, तो गोळा आतून धातूच्या रसानं चमकवायचा, आणि मग फोडायचा. त्यामुळं प्रत्येक तुकडा किंचित फुगीर. गुजरातेत कपडवंजला घागऱ्याचे आभले असेच करत. तुकडा फुगीर असला की दिवा कुठंही असो, त्यात एक ठिपका लकाकतोच. आमेरच्या शीशमहालात एका मेणबत्तीनं सगळं छत चांदण्यासारखं होतं, त्याचं गुपित हेच. इराणी कारागिरांची पद्धत निराळी. ते सपाट आरशाचे त्रिकोण-चौकोन कापून एकमेकांशी कोन करून बसवतात, म्हणजे प्रत्येक तुकडा वेगळ्या दिशेला बघतो. सपाट आरसा सपाट भिंतीवर चिकटवला तर मात्र ते न्हाव्याचं दुकान होतं. हे वाक्य चाचांचं.

एक गंमत सांगते. आरसा काळा पडला की आपण म्हणतो, पारा उडाला. फार पूर्वी खरंच कथलाच्या पत्र्यावर पारा पसरून आरसे करत, आणि त्या वाफेनं कारागीर आजारी पडत. १८३५ मध्ये लीबिख नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं काचेवर चांदीचा थर बसवायची रीत काढली. तेव्हापासून आरशाच्या मागं हळूहळू चांदी आली, आपल्या तोंडी मात्र पाराच राहिला. आणि तो 'उडत' नाही, ओल मागून किंवा कडेनं शिरते आणि धातू काळा पडतो. आमच्या खांबांचं तेच झालं. तुमच्या बाथरूममधल्या आरशाच्या कडा काळ्या पडत असतील तर तेच कारण. तो चिकटवायला आंबट, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू देऊ नका, त्यानं थर खराब होतो. बिनवासाचं मिळतं, ते मागा.

दोन्ही पोती मी गच्चीवर पसरली आणि निवडायला बसले. तांदूळ निवडावेत तसं. काळे वेगळे, चांगले वेगळे. महिरपीचे तुकडे लगेच ओळखू यायचे, कारण ते अजून लखलखीत होते. मोराचे रंगीत तुकडे वेगळ्या ताटात ठेवले. निळे बरेच, हिरवे पुरेसे, लाल अगदी थोडे. मी रोज दोन तास बसायची. सूनबाई म्हणाली, "आई, मुलांच्या पायात जाईल," म्हणून गच्चीला कुलूप. खरं तर मला एकटीच बसायचं होतं.

मग शिकणं सुरू झालं. काच कापायच्या हत्याराला हिरकणी म्हणतात हे आपल्याला रायगडाच्या गोष्टीमुळं सुचतच नाही. टोकाला हिऱ्याचा कण, म्हणून हिरकणी. आता बहुतेक जण बारीक चाकाची कटर वापरतात. टोक रॉकेलमध्ये बुडवायचं, पट्टी धरायची आणि एकच रेघ ओढायची. एकच. शंका आली म्हणून त्याच रेघेवर दुसऱ्यांदा फिरवलं तर कटरही जाते आणि काचही. हात बरोबर पडला की चर्रर्र असा एकसारखा आवाज येतो, आणि तो आवाज आला नाही तर मोडायचं धाडस करायचं नाही. रेघ मारली की लगेच खालून टिचकी देऊन तोडायचं, उद्यावर ठेवलं तर काच मनाला येईल तशी फुटते. गोलाई एकदम कापता येत नाही, चिमट्यानं कडा कुरतडत कुरतडत आणावी लागते. माझी बोटं गेली ती इथं.

चिकटवायचा प्रश्न आला तेव्हा मी चाचांना पहिलं विचारलं, सरस नको ना? सरस जनावरांच्या कातड्याहाडांचा, तो देवापुढच्या कामात कसा चालेल? ते हसले. म्हणाले, "तुमचे लोक नेहमी हेच विचारतात, माझ्या वडिलांनाही विचारायचे." फेव्हिकॉल रासायनिक आहे, त्याला हरकत नाही. पण मला त्यांनी शिकवली ती 'उलटी' पद्धत, आणि तिला गव्हाच्या पिठाची खळ लागते. जुने तुकडे कमीजास्त जाडीचे. थेट लाकडावर लावले तर पृष्ठभाग वरखाली होतो. म्हणून कागदावर चित्र काढायचं, त्यावर खळीनं तुकडे पालथे, म्हणजे दर्शनी बाजू कागदाला लावून चिकटवायचे. सगळं भरलं की पाठींवर रंगाचा एक हात द्यायचा, म्हणजे सिमेंटचा क्षार चांदीला लागत नाही. मग पाठीमागून पांढरं सिमेंट आणि संगमरवराची भुकटी थापून सगळं तक्त्यावर बसवायचं. वाळल्यावर कागद ओला करून सोलून काढायचा, तेव्हा कुठं चित्र पहिल्यांदा दिसतं. खळ रोज ताजी करावी लागते, रात्रीची दुसऱ्या दिवशी आंबते आणि जीव होतात. मी रोज चमचाभर पिठाची करायची.

मी ठरवलं की अख्खी महिरप काही मला झेपणार नाही, डाव्या बाजूचा एक मोर करू. अक्काच्या खोलीतल्या देवघराशेजारी लावू. दादाच्या लग्नातला एक फोटो सापडला, त्यात मागं महिरपीचा डावा भाग स्पष्ट आला होता. तो मोठा करून घेतला, मोर छापून घेतला आणि कामाला लागले.

काम करताना काहीबाही मनात यायचं. आपल्या अष्टमंगल द्रव्यांत दर्पण आहे. भरत चक्रवर्तींना आरशात एक पांढरा केस दिसला आणि वैराग्य आलं, ही कथा आपण ऐकत आलो. श्वेतांबर भगिनी आरिसा भवनातली बोटातून गळून पडलेल्या अंगठीची गोष्ट सांगतात. माझं डोकं पांढरं होऊन वीस वर्षं झाली, मला आरशात काही सुचलं नव्हतं, आणि जे दिसायला हवं होतं ते आईच्या एका प्रश्नानं दिसलं. आणखी एक आठवायचं, मुंबईचा राजाबाई टॉवर. कॉलेजात असताना सहलीला बघितला होता. प्रेमचंद रायचंद या कापसाच्या व्यापाऱ्यानं आपल्या आईच्या नावानं त्यासाठी देणगी दिली, १८७८ मध्ये तो पुरा झाला. ती आई जैन, सूर्यास्ताआधी जेवणारी, आणि डोळ्यांनी अधू. घड्याळाचे टोले ऐकून तिला वेळ कळावी म्हणून हा टॉवर, असं सांगतात. टॉवरमध्ये रंगीत काचांच्या सुरेख खिडक्याही आहेत. त्यातली लाल काच बहुधा सबंध लाल नसते. लाल रंग इतका गडद होतो की उजेड आत येत नाही, म्हणून पांढऱ्या काचेवर लाल काचेचा पातळ पापुद्रा चढवतात. लाल सगळ्यांत अवघड आणि महाग, कारण त्याला तांबं, सेलेनियम, कधी तर चक्क सोनं घालावं लागतं. हिरवा लोखंडानं होतो, निळा कोबाल्टनं. पण मला सारखी वाटायची ती वेगळीच गोष्ट. त्या मुलानं आईला काय लागतं ते ओळखलं, नाहीतर निदान लोकांना तसं वाटलं. मी दोन रकाने आखून तिचं दार पुसलं.

चार महिने लागले. कागद सोलायच्या दिवशी चाचा स्वतः घरी आले. ओल्या फडक्यानं कागद भिजवला आणि एका कडेनं हळूहळू ओढला. आधी हिरवं, मग निळं, आणि मग सगळा मोर. तिन्हीसांज नव्हती, तरी मी निरांजन लावून समोर धरलं. लकाकला! ह्यांनी सुद्धा टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी गाडीत घालून माहेरी नेला. अक्काच्या खोलीत देवघराच्या डाव्या बाजूला दादानं खिळे मारून टांगला. दिवा लावला. मी अक्काला समोर पाटावर बसवलं. ती नळीतून बघावं तसं थोडं थोडं बघत गेली, आधी शेपटी, मग मान, मग चोच. बराच वेळ. मग म्हणाली, "चांगलं केलंस गं. पण ह्यो मोर देवाकडं पाठ करून उभा हाय."

वहिनीनं फोटो आणला. खरंच. फोटोत मोर दाराकडं, म्हणजे आत बघत होता. माझा बाहेर बघत होता. उलट्या पद्धतीत चित्र आधी उलटं करून घ्यावं लागतं, हे चाचांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी चार महिने पाठी बघत बसले होते, सगळ्या एकसारख्या रंगाच्या. मोराचं तोंड कुठं आहे हे बघायला काही नव्हतंच.

मी तिथंच खाली बसले. आणि मग, का कोण जाणे, तक्त्याचं सगळं सांगून टाकलं. की तो मी केला, खाली मी लिहिलं, महिरपीला पाणी लागलं नव्हतं हे मला माहीत होतं. दादा खोलीबाहेर गेला. अक्का काही बोलली नाही. हातातली माळ तिनं पुरी केली, डोळ्यांना लावली, देवघरात ठेवली.

मग म्हणाली, "अगं मग उजवीकडं लाव की त्याला."

दादाला हाक मारली. त्यानं खिळे काढून उजव्या बाजूला मारले. मोर देवाकडं बघायला लागला.

आता अक्का रोज सकाळी भिंतीला हात न लावता देवघरापर्यंत जाते, असं वहिनी फोनवर सांगते. परवा अक्का स्वतः फोनवर आली. प्रकृतीचं काही बोलली नाही, म्हणाली, "डावा कधी देतीस?"

तर मैत्रिणींनो, डावा सुरू केला आहे. या वेळी चित्र आधी उलटं करून घेतलं, आणि कागदाच्या चारही कोपऱ्यांत मोठ्या अक्षरांत "देव इकडे" म्हणून बाण काढून ठेवले आहेत. अडचण एकच. तुऱ्याला आणि गळ्याखालच्या पट्ट्याला लाल कमी पडतंय. मोजून पाहिलं, सव्वीस तुकडे हवेत, माझ्याजवळ नऊ आहेत. आताची लाल काच आणून बघितली, ती जुन्या शेजारी बटबटीत दिसते. कुणाच्या घरी जुन्या दाराच्या, हंडीच्या, मोडक्या झुंबराच्या लाल काचा माळ्यावर पडून असतील तर मला कळवा. तुटक्या असल्या तरी चालतील, मी येऊन घेऊन जाईन. कागदात गुंडाळून ठेवा तेवढं.

जय जिनेंद्र.